पावणेसोळा आणे

आत्या माणसं आण्यांत मोजायची. सोळा आणे म्हणजे पूर्ण माणूस, आणि असा तिनं आयुष्यात एकही पाहिला नव्हता. सरपंच साडेसात आणे. पोस्टमन पावणेबारा, कारण तो सायकल टेकवताना भिंतीचा रंग खरवडत नसे. तिचा नवरा, ज्याच्याकडं कामरगावच्या बाजूला ती सव्वा वर्ष नांदली आणि मग एका सकाळी पिशवी घेऊन परत निघून आली, तो अडीच आणे, आणि तेही आंघोळ केलेली असेल तर. मी तिच्याकडं खोली घेतली त्या दिवशी तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि साडेनऊ दिले. गणित शिकवते म्हटल्यावर त्यातले दीड लगेच कापले. का, तर मास्तरकीच्या माणसाला घरी आल्यावरही उत्तर बरोबरच लागतं, असं तिचं म्हणणं. मी हसले होते. आता हसू येत नाही.

आसेगावच्या पुढं, जीप जिथं रिकामी होते तिथल्या जिल्हा परिषद शाळेत माझी बदली झाली, तेव्हाच मी थकलेली होते. नवरा अकोल्याला, मुलगी सासूपाशी, मी इथं. शनिवारी दुपारी जायचं, सोमवारी पहाटे यायचं. शाळेत दोन शिक्षक आणि पाच वर्ग. शिकवून झालं की मोबाइलवर माहिती भरायची. किती मुलं जेवली, किती झाडं लावली, त्यातली किती जगली, जगलेल्या झाडाशेजारी उभं राहून फोटो. संध्याकाळी खोलीवर आले की बोलायचीही इच्छा नसायची, आणि आत्याला नेमकं तेव्हाच बोलायचं असायचं.

ती आत्या तीन पुतण्यांची. पण पुतणे गावात मोठे झाले, त्यांच्या तोंडून सगळ्या गावानं उचललं आणि ती सगळ्यांचीच आत्या झाली. वय विचारलं तर साडेअडुसष्ट सांगायची. मी दीड वर्ष तिच्या घरात राहिले, सगळा वेळ ती साडेअडुसष्टच होती. उंच, वाळकी, कपाळ मोठं. नऊवारीचा ओचा गच्च खोचलेला. जेवणात दीड भाकर, चहा पाऊण कप, त्यात सव्वा चमचा साखर. पाव चमचा ती डोळ्यांनी मोजायची आणि जास्त पडली तर परत डब्यात टाकायची. पूर्ण आकड्याशी तिचं काय वाकडं होतं कोण जाणे.

घरात घड्याळ होतं, पण ती स्वयंपाक पाढ्यांवर करायची. सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. माझ्या पिढीनं ही नावं फक्त ऐकली. सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा. "एक सव्वा सव्वा, बे सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार," असं एका सुरात म्हणत ती चुलीपुढं बसे. चहाला एक दिडकी पुरायची. भाताला चारही पाढे लागोपाठ. एकदा ती औटकीत असताना मी कंगवा कुठंय म्हणून हाक मारली. तिचं सातावर अडकलं, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि भात खाली लागला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून एवढंच म्हणाली की सात औटे साडेचोवीस, मी विसरली नव्हती, तू बोलली म्हणून गेलं.

शाळेत ती कधीच गेली नव्हती. म्हणजे नाव घातलं नव्हतं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेच्या ओसरीवर बसायची, आत थोरले दोघं पाढे ओरडायचे, आणि ते पाढे त्यांच्या ऐवजी हिच्या डोक्यात जायचे. पुढं भाऊ सगळे पाढे विसरून गेले. हिचे राहिले. अक्षरं मात्र ती बाईमाणूस झाल्यावर एकटीनं शिकली, पिठावर बोटानं गिरवून, आणि तिची सही माझ्यापेक्षा चांगली होती.

एका संध्याकाळी मी पाचवीसाठी कार्डं बनवत होते. पूर्णांकयुक्त अपूर्णांक. आत्या येऊन बसली आणि एक कार्ड उचलून विचारलं, हे काय. मी वाचून दाखवलं, पाच पूर्णांक एक चतुर्थांश. ती एवढी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

"सव्वापाच म्हन ना, पोरी. इतकं बोलेपर्यंत मानूस विहिरीवर जाऊन पानी पिऊन येते."

मग आमची शर्यत लागली. मी म्हणायची साडेसहातून पावणेचार गेले, आणि कागदावर छेद सारखे करायला घ्यायची. ती भाजी निवडता निवडता पावणेतीन म्हणून मोकळी. दीड गुणिले अडीच? पावणेचार. मी अंशाधिक करून, वर-खाली गुणून, पंधरा भागिले चार काढेपर्यंत तिची अर्धी मेथी निवडून झालेली असायची. इतकी वर्षं मी हे शिकवते, पण तिच्यासमोर मला दरवेळी उशीर व्हायचा. तेवढ्या वेळापुरता माझा थकवा जायचा, हे कबूल करायला हवं.

म्हणून एकदा तिला वर्गात नेलं. तिनं भाकरी नेली होती. मोडून अर्धी केली, पाव केली, पाऊण दाखवली. पोट्टे खूश. एका मुलीनं विचारलं, तिघींत वाटायची असली तर? आत्यानं भाकरीकडं पाहिलं, फडक्यात गुंडाळली, तिसरा हिस्सा आमच्या पाढ्यात नसते म्हणाली आणि सरळ घरी निघून गेली. मला वाटलं, एक गोष्ट येत नाही म्हणून फणकारली. म्हातारी माणसं करतात असं. मी वर्गाला एक तृतीयांश फळ्यावर काढून दाखवला, तो काही कठीण नाही.

आता विहिरीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आत्याचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी जाण्याआधी शेत तिन्ही मुलांना वाटून दिलं. आत्या माघारी आलेली होती, म्हणून विहिरीलगतचं पाऊण एकर तिला तोंडी दिलं. विहीर एकच. इकडं विहिरीचा हिस्सा अजून आण्यांतच बोलतात, अख्खी विहीर सोळा आणे. त्यांच्या घरात पाळी सोळा दिवसांची होती. एक आणा म्हणजे एक दिवस, आणि एक दिवस म्हणजे आठ तास मोटर. आबांनी कागदावर तिघा मुलांना सव्वापाच-सव्वापाच आणे लिहून दिले. म्हणजे प्रत्येकाचे पाच दिवस, आणि सोळाव्या दिवशी प्रत्येकाचे दोन तास. सोळाव्या दिवशी तिघांचे सहा तास झाले की मागं दोन तास राहत. ते दोन तास आत्याचे. कागदावर नव्हते, पण घरात लहानमोठे सगळे सांगायचे की आबांनी लेकीसाठी मुद्दाम मागं ठेवले.

त्या दोन तासांवर आत्याची संत्र्याची बासष्ट झाडं उभी होती. दुसरं पाणी नव्हतं तिला. सोळाव्या दिवशी ती सकाळपासून वेगळीच असायची. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले. पुतण्याची वेळ संपायच्या आधीच फावडं घेऊन मोटरीपाशी उभी. मग एकेका झाडाच्या आळ्यात पाणी सोडत ती पुढं सरकायची, आणि वेळ भरली की स्वतः जाऊन मोटर बंद करायची. शेवटचं आळं अर्धं राहिलं असलं तरी. मी एकदा म्हटलं, पाच मिनिटं जास्त झाली तर कोण बघतंय. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की माझे दोनचार आणे तरी तिथंच गेले असावेत.

"हे माह्यं पानी हाय," ती म्हणाली. "कोनी देल्लेलं नाही. जास्त घेतलं की ते देल्लेलं होते."

तिच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. पाऊण एकरसुद्धा भावांनी मनात आणलं म्हणून राहिलं होतं. घरही भावाच्या जागेत. पण ते दोन तास बापानं ठेवलेले होते, त्यात कोणाचा उपकार नव्हता, आणि ती गावात ताठ चालायची ती त्या दोन तासांच्या जोरावर. हे मला सगळं ठाऊक होतं. तरीही जे झालं ते माझ्या हातून झालं.

तिघं भाऊ तोवर वारले होते, शेती तीन पुतणे करत होते. भली माणसं. मी राहत होते तोवर त्यांच्यात भांडण ऐकलं नाही. त्यांना विहिरीवर सौर पंप मंजूर झाला. आता विजेच्या आठ तासांच्या लाइनीचा संबंध उरला नाही, ऊन आहे तोवर पाणी, म्हणून पाळ्या नव्यानं बांधून स्टँपपेपरवर लिहायच्या ठरल्या. थोरला पुतण्या जुना कागद घेऊन आमच्या ओट्यावर आला, मागून दोघं धाकटे. मॅडम, तुम्ही गणिताच्या, जरा मांडून द्या, म्हणाला. एप्रिल होता, दिवसभर माझं प्रशिक्षण झालेलं, डोकं ठणकत होतं. आत्या आत चहा टाकत होती, दिडकी ऐकू येत होती.

मी कागद पाहिला. सव्वापाच, सव्वापाच, सव्वापाच. सवयीनं बेरीज केली. पावणेसोळा.

इथं चूक आहे, मी म्हटलं. आणि मग मला कोणी थांबवलं नाही. वही काढून मी त्यांना नीट समजावलं. सोळा भागिले तीन म्हणजे पाच पूर्णांक एक तृतीयांश. जुन्या लोकांच्या पाढ्यांत पाव आहे, अर्धा आहे, पाऊण आहे, तृतीयांश नाही. म्हणून आबांनी जवळचा आकडा धरला, सव्वापाच. त्यात प्रत्येकाची चाळीस मिनिटं राहून गेली. तीन वेळा चाळीस म्हणजे दोन तास. सोळाव्या दिवशी उरतात ते हेच.

आतली दिडकी बंद झाली होती. माझ्या ते लक्षात आलं नाही.

थोरल्यानं विचारलं, "म्हंजे ते आबानं आत्यासाठी ठेवले नव्हते?"

"कागदावर तसं काही नाही," मी म्हटलं. "ती नुसती उरलेली बाकी आहे."

मला बरं वाटलं होतं. हेच सांगायला सगळ्यात जड जातं. दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी बरोबर आलं होतं, छेद, अंश, पडताळा सगळं जुळलं होतं, आणि मी मान वर केली तर तिघं पुतणे एकमेकांकडं बघत होते आणि आत्या ताटलीत कप घेऊन दारात उभी होती. चहा कडू झाला होता. तिनं प्रत्येकापुढं कप ठेवला, माझ्याही.

"मॅडमचं बरोबर हाय," ती म्हणाली. "मले मालूम होतं. आबानं कागद वाचून दाखवला तवाच म्या मनात मोजलं. तीन सव्वापाच, पावनेसोळा. म्या बोलली नाही."

त्या दिवसापर्यंत ती मला पोरी म्हणत होती.

नवा कागद पंधरा दिवसांत झाला. प्रत्येकी पाच पूर्णांक एक तृतीयांश, माझ्याच शब्दांत. कोणी वाईट वागलं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. थोरला येऊन म्हणाला, आत्या, तुले लागल तवा पाइप लावून घे, नाही कोन म्हनते. ती म्हणाली की विचारून घेतलं की ते तुझं पाणी झालं. आणि तिनं विचारलं नाही. एकदाही नाही. त्यांनी दोनदा आपणहून पाणी सोडलं तर हिनं फावड्यानं माती ओढून ते पाणी त्यांच्या शेतात वळवलं. गावाला वाटलं म्हातारी चळली. मला मात्र कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

झाडांवर फळ लिंबाएवढं झालं होतं. मे लागला तसं गळायला लागलं. मी शाळेच्या टाकीतून चार बादल्या आणून ओतल्या. ती ओट्यावरून बघत राहिली. बासष्ट झाडं होती, आणि मला धाप लागली होती.

मग मी थोरल्याकडं गेले. म्हटलं, जुनंच राहू द्या, सव्वापाच लिहा परत. तो गोठ्यात वैरण टाकत होता. तोही थकलेलाच माणूस, दिवसभर उन्हात.

"मॅडम, तुमीनच त काढून देल्लं," तो म्हणाला. "आता धाकटे म्हनतात, आमचे चाळीस मिनिटं कायले सोडाचे. आधी मालूम नव्हतं, तवा काही वाटत नव्हतं."

खरंच होतं त्याचं.

मी आत्याला कायद्याचंही सांगितलं. लेकीचा हक्क मुलाइतकाच असतो, आपण अर्ज करू, मी लिहून देते. ती आत गेली आणि ट्रंकेतून एक कागद आणला. हक्कसोडपत्र. आबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात भावांनी करून घेतलेलं. खाली तिची ती सुंदर सही. तेव्हा नुकतीच अक्षरं शिकली होती, म्हणाली, अंगठ्याच्या जागी सही करायला मिळाली म्हणून खूश होती. बहिणी करतातच, असं भाऊ म्हणाले. तिनंही तेच ऐकलं होतं आयुष्यभर.

जूनमध्ये माझी बदली अकोल्याजवळ झाली. आल्यापासून मागत होते, ती नेमकी तेव्हा मिळाली. निघायच्या आदल्या सकाळी मी तिच्या शेतात गेले. ती गळालेली फळं टोपलीत गोळा करत होती. पंधरावीस झाडं पार वाळली होती, बाकीची पानं मुडपून उभी. मी बराच वेळ नुसती तिच्या मागं फळं वेचत राहिले. मग म्हटलं, आत्या, चूक झाली माझ्याकडून.

ती म्हणाली, गणितात चूक नव्हती.

गणिताचं नाही म्हणत, मी म्हटलं.

"म्या गणिताचंच म्हनून राह्यली." ती टोपलीपाशी बसली, एक हिरवं फळ हातात फिरवत. राग नव्हता आवाजात, असता तर बरं झालं असतं. "आबाले सारे पाढे तोंडपाठ होते. त्या दिवशी दुपारभर ओसरीवर बसून राह्यले, बोटं मोडून राह्यले. सोळा आने तिघांत बसेच ना. मी चहा नेला, पानी नेलं. मले वाटे, आता मान वर करतीन, आता पाहतीन. मंग त्याईनं सव्वापाच लेहून टाकलं."

मी हातातली फळं टोपलीत टाकली.

"आमी किती लेकरं होतो, पोरी?"

"चार," मी म्हटलं.

"सोळाले चारनं भाग बरं."

ती उठली आणि पुढच्या झाडाखाली गेली. चार-चार आणे. ना सव्वा लागला असता, ना पाव, ना तृतीयांश. माझ्यामुळं तिचं पाणी तुटलं, ते मला आधीच कळलं होतं. आता कळलं ते हे, की त्या दिवशी ओट्यावर वही उघडल्यावर किती जणांत वाटायचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सोळा भागिले तीन, हे मी माझ्या मनानंच लिहिलं होतं.